‘कारण अज्ञात’ या नोंदीची चौकशी



ज्या मुलाला नाव मिळाले नाही, ज्याचे बारसे झाले नाही, ज्याचे सुतक पाळायचे की नाही यावरही घरात एकमत होत नाही, अशा मुलाच्या मृत्यूविषयी आज बोलायचे आहे. पूर्ण दिवस भरत आलेले मूल पोटात किंवा बाळंतपणाच्या कळांमध्ये दगावते, तेव्हा घरातली वडीलधारी माणसे आईला ‘विसरून जा, अजून वय आहे’ असे सांगतात. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण आपली कागदपत्रेही जवळजवळ तेच सांगत आली आहेत. रुग्णालयातल्या मृत्यूचे कारण लिहिण्यासाठी जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली नमुना क्रमांक ४ वर्षानुवर्षे वापरला गेला. हा नमुना उपजत मृत्यूसाठी वापरू नये, अशी सूचना त्याच्या मथळ्यातच छापलेली असे. उपजत मृत्यूचा कागद वेगळा, आणि त्यातला कारणाचा भाग नेहमीच दुबळा राहिला. जिथे तो भरला जातो तिथेही बहुतेक वेळा ‘कारण अज्ञात’ या अर्थाचे दोन शब्द पडतात. हे दोन शब्द मृत्यूविषयी फार थोडे आणि आपल्या चौकशीविषयी पुष्कळ सांगतात, हे मला आज दाखवायचे आहे. मृत्यूची कारणे कोणत्या रकान्यांत वाटायची हे ठरवताना कोणते मृत्यू टाळता येण्याजोगे मानायचे हेही ठरून जाते, आणि म्हणून वर्गीकरणाचा प्रश्न केवळ तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही.

व्याप्ती थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी गर्भधारणेचे २८ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण झाल्यावर निष्प्राण जन्मलेले मूल उपजत मृत्यूत धरतात. अनेक श्रीमंत देश ही रेषा २२ किंवा २४ आठवड्यांवर ओढतात, त्यामुळे देशोदेशीचे आकडे शेजारी ठेवताना सावध राहावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २० लाख उपजत मृत्यू झाले, म्हणजे दर १६ सेकंदांना एक. त्यांपैकी सुमारे ३ लाख ४० हजार भारतातले होते, आणि संख्येच्या दृष्टीने भारत पहिला होता. त्या अंदाजात भारताचा दर हजार जन्मांमागे १४ च्या आसपास येतो, तर आपल्या नमुना नोंदणी पद्धतीतला दर त्याच्या निम्म्याहूनही खाली असतो. हा दर २०३० पर्यंत हजारी दहाच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट भारताने २०१४ च्या नवजात कृती आराखड्यात ठेवले. पण जे पुरते मोजलेलेच नाही आणि ज्याची कारणे लिहिलेली नाहीत, ते कमी झाले की नाही हे कळणार कसे?

कारणे लावण्याचा प्रयत्न जुना आहे. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात डुगल्ड बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये एक पद्धत मांडली. मुलाच्या मृत्यूकडे नेणारी घटनांची साखळी आईच्या शरीरात कुठून सुरू झाली, हा त्यांचा प्रश्न होता. गर्भारपणातला रक्तदाब, प्रसूतीपूर्वीचा रक्तस्राव, अडलेले बाळंतपण, मुलातले व्यंग असे त्यांचे गट होते, आणि जे कशातच बसले नाही त्यासाठी ‘कारण अज्ञात’ हा गट पहिल्या दिवसापासून होता. पुढे १९८० मध्ये जोनाथन विगल्सवर्थ या विकृतिशास्त्रज्ञाने हा प्रश्नच बदलला. शवविच्छेदन होवो न होवो, सेवेतली उणीव कुठे आहे हे दाखवतील असे मोजके गट त्याला हवे होते, म्हणून त्याने मृत्यूची वेळ आणि मुलाची अवस्था यांवर भर दिला. कळांमध्ये गुदमरून गेलेली मुले एका गटात आली, तर व्यंग नसलेली पण कातडी सुटू लागलेली, म्हणजे कळांपूर्वीच गेलेली मुले दुसऱ्या गटात. पद्धत साधी होती, जगभर पसरली, आणि कळांमधल्या मृत्यूंकडे लक्ष वेधण्याचे मोठे काम तिने केले. पण दुसरा गट मूल केव्हा गेले एवढेच सांगतो. का गेले, याविषयी तो गप्प राहतो, आणि श्रीमंत देशांत बहुसंख्य उपजत मृत्यू याच गटात जाऊन पडू लागले.

त्याचा परिणाम इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात स्पष्ट दिसला. तिथल्या १९९७ ते २००३ या काळातल्या २,६२५ उपजत मृत्यूंना विगल्सवर्थची पद्धत लावली, तर ६६.२ टक्के मृत्यू ‘अज्ञात’ ठरत होते. जेसन गार्डोसी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच मृत्यूंना नवी पद्धत लावली. मृत्यूच्या वेळी लक्षात घेण्याजोगी कोणती स्थिती हजर होती, एवढेच ती विचारते, आणि शोध मुलापासून सुरू करून नाळ, वार, गर्भजल, गर्भाशय, आई या क्रमाने बाहेर जाते. तेव्हा अज्ञात मृत्यू १५.२ टक्क्यांवर आले, आणि ४३ टक्के मुलांची गर्भातली वाढ खुंटलेली होती असे दिसले. एकाही मुलाची नवी तपासणी झालेली नव्हती. कागद तेच होते, प्रश्न बदलला होता. पुढे २००९ मध्ये सात देशांतल्या ८५७ उपजत मृत्यूंवर सहा वेगवेगळ्या पद्धती लावून पाहण्यात आल्या, तेव्हा ‘अज्ञात’ ठरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत हलले. त्यानंतरच्या आढाव्यात २००९ ते २०१४ या सहा वर्षांतच जगात ८१ पद्धती वापरल्या गेल्याचे आढळले. असा पसारा असताना एखाद्या जिल्ह्यातले तीस टक्के मृत्यू अज्ञात आहेत असे कोणी सांगितले, तर कोणत्या पद्धतीने आणि किती माहितीवर, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. वाढ खुंटणे हे मृत्यूचे कारण आहे का? वाढीच्या आलेखावर खालच्या दहा टक्क्यांत येणारी असंख्य मुले जिवंत जन्मतात आणि धडधाकट वाढतात. शिवाय पोटात गेलेले मूल काही दिवस तिथेच राहिले तर त्याचे वजन घटते, आणि मृत्यूनंतरची ही घट मृत्यूपूर्वीची खुंटलेली वाढ समजली जाऊ शकते. तेव्हा गार्डोसींनी अज्ञानावर फक्त नवी चिठ्ठी चिकटवली, असे टीकाकार म्हणतात. आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. सोबत असलेली स्थिती आणि कारण यांत अंतर आहे, आणि ते मिटवून टाकणारा वर्गीकरणकार वाचकाची दिशाभूल करतो. पण म्हणून ही नोंद निरुपयोगी ठरत नाही. ‘अज्ञात’ वाचून कोणतीही परिचारिका उद्या काही वेगळे करू शकत नाही. ‘वाढ खुंटलेली होती, ती गर्भारपणात कोणाच्या लक्षात आली नाही’ हे वाचून मात्र पोटाची उंची टेपने मोजली गेली होती का, मोजली असेल तर कार्डावर उतरली का, शंका आल्यावर सोनोग्राफी झाली का, हे विचारता येते. अशी मुले वेळेवर ओळखण्याचा उत्तम मार्ग कोणता, यावर मतभेद आहेत आणि राहतील. तरी हा वाद कशाविषयी आहे हे आज समजते, ते या नोंदीमुळेच. मृत्यूच्या वेळची स्थिती आणि मृत्यूचे कारण वेगवेगळ्या ओळींवर लिहावे, आणि कारणापुढे ते निश्चित, संभाव्य की केवळ शक्य हेही लिहावे. अमेरिकेतल्या उपजत मृत्यू संशोधन जाळ्याने हेच केले. त्यांनी २०११ मध्ये संपूर्ण तपासणी झालेल्या ५१२ मृत्यूंपैकी ६०.९ टक्क्यांत संभाव्य कारण दाखवले, आणि केवळ शक्य वाटणारी कारणे धरल्यास हा आकडा ७६.२ टक्के होतो, असे वेगळे सांगितले.

एकच कारण शोधण्याचा हट्टही सोडावा लागतो. समजा, एका गर्भवतीचा रक्तदाब आठव्या महिन्यात वाढला, तो मोजला गेला नाही, वार गर्भाशयापासून सुटली, रक्तस्राव सुरू झाला, वाहन मिळून रुग्णालय गाठेपर्यंत बाळाचे ठोके थांबले, आणि बाळ वजनाने लहान होते. ॲबर्डीनच्या पद्धतीत हा मृत्यू रक्तदाबाच्या खात्यात जाईल. विगल्सवर्थच्या पद्धतीत मूल कळांपूर्वी गेले की कळांमध्ये, यावर खाते ठरेल. गार्डोसींच्या पद्धतीत मुलापासून शोध सुरू होत असल्याने पहिली नोंद खुंटलेल्या वाढीची होईल. तिन्ही नोंदी खऱ्या, आणि एकटी घेतली तर प्रत्येक अपुरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जे वर्गीकरण दिले, त्याचे मोल मला इथे वाटते. ते आधी मृत्यूची वेळ विचारते, मग मुलाच्या मृत्यूचे कारण आणि त्यासोबत आईची स्थिती, आणि या नोंदींची जोडी तोडू देत नाही. आईत काहीही आढळले नसेल तर तसे लिहिण्यालाही त्यात जागा आहे. आईकडे पाहिलेच नाही आणि पाहिले पण काही सापडले नाही, या दोन गोष्टी एकाच शब्दाखाली दडपून टाकणे हा जुन्या नोंदींचा मोठा दोष होता.

वेळेच्या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या देशासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. जगातल्या उपजत मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक कळा सुरू झाल्यानंतर होतात. पश्चिम युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आहे. कळा सुरू होईपर्यंत जिवंत असलेले मूल बाळंतपणाच्या काही तासांत जाते, तेव्हा त्या तासांत काय झाले याचा शोध घेता येतो, आणि पुष्कळदा त्या मुलाला वाचवताही आले असते. मग वेळ ठरवायची कशी? आपल्याकडे बहुधा कातडीकडे बघून. कातडी शाबूत तर ‘ताजा’ उपजत मृत्यू, सुटलेली तर जुना. पण कातडी सुटायला मृत्यूनंतर काही तास लागतात. कळांच्या दोन-तीन तास आधी गेलेले मूल त्यामुळे ताजे दिसते, आणि कळा लांबल्या तर त्यांच्या सुरुवातीला गेलेल्या मुलाचीही कातडी सुटू लागते. याहून खात्रीचा पुरावा म्हणजे बाई दाखल झाली त्या क्षणी बाळाचे ठोके ऐकू आले की नाही, ही वेळेसह केसपेपरवर केलेली नोंद. त्यासाठी साधा फीटोस्कोप पुरतो, हातातला डॉप्लर असेल तर उत्तमच. ही एक ओळ कोरी राहिली की पुढचे सगळे वर्गीकरण अंदाजावर उभे राहते. आणि ती कधीकधी भीतीपोटीही कोरी राहते, कारण ठोके होते असे लिहिले की पुढच्या तासांचा जाब द्यावा लागतो.

‘ताजा उपजत मृत्यू’ या गटात आणखी एक गोष्ट दडलेली होती, आणि ती आपल्याच परिसरातल्या कामाने उजेडात आणली. जन्मतः श्वास न घेणारे, निळे पडलेले, हातपाय न हलवणारे मूल मेलेले समजले जाते. त्याच्या छातीत ठोके असू शकतात, पण ते ऐकले जातातच असे नाही. भारतासह सहा देशांतल्या ग्रामीण भागांत प्रसूती करणाऱ्यांना नवजात बाळाची मूलभूत काळजी आणि श्वास सुरू करण्याचे तंत्र शिकवले गेले. त्या अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, उपजत मृत्यूंचा दर हजारी २३ वरून सुमारे १६ वर उतरला. बेळगाव भागात पुढे झालेल्या प्रशिक्षणानंतर ताज्या उपजत मृत्यूंचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले. टांझानियातही अशीच घट दिसली. इथे प्रशिक्षण फक्त जन्मानंतरच्या मिनिटांचे होते. त्याने उपजत मृत्यू कमी होतात, याचा अर्थ त्यांतली काही मुले जन्मताना जिवंत होती. अशी ओढून आणलेली मुले दोन दिवसांनी जातातच, असे कोणी म्हणेल. तसे असते तर नवजात मृत्यू तेवढ्याच प्रमाणात वाढायला हवे होते, आणि बेळगावात ते वाढले नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती काळजीसाठी तयार केले, आणि १९९३ ते २००३ या दहा वर्षांत तुलनेच्या गावांच्या मानाने उपजत मृत्यूंत ४९ टक्के घट नोंदवली. चुकीच्या गटात घातलेले मूल वाचवण्याचा प्रयत्नच होत नाही, हे या सगळ्या आकड्यांमधून मला दिसते.

आता खर्चाचा आक्षेप. शवविच्छेदन करणारे बालविकृतितज्ज्ञ मोठ्या शहरांतही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, जनुकीय तपासण्या महाग, मग तालुक्याच्या रुग्णालयाने काय करायचे? अमेरिकेतल्या त्याच संशोधन जाळ्याने २०१७ मध्ये कोणती तपासणी किती उपयोगी पडली हे मांडले. वारेची तपासणी ६४.६ टक्के प्रकरणांत, शवविच्छेदन ४२.४ टक्क्यांत, जनुकीय तपासणी ११.९ टक्क्यांत. म्हणजे जी वार आपल्या प्रसूतिकक्षांतून काही मिनिटांत कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते, तीच सर्वाधिक सांगणारी. तिचे वजन करणे, मागच्या बाजूला रक्ताची गाठ आहे का बघणे, नाळेची गाठ किंवा पीळ लिहिणे, दुर्गंधी आणि रंग टिपणे याला तज्ज्ञ लागत नाही, आणि फॉर्मेलीनमध्ये ठेवलेली वार जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येते. मात्र परदेशी यादी जशीच्या तशी उचलूही नये. त्याच अभ्यासात सिफिलिसची तपासणी ०.२ टक्के प्रकरणांतच उपयोगी ठरली, कारण तिथे गर्भवतींची ती चाचणी पूर्वीच होत आली आहे. जिथे ती झालेली नाही तिथे साध्या चाचणीने आणि पेनिसिलीनच्या इंजेक्शनने टळू शकणारा मृत्यू ‘अज्ञात’ म्हणून नोंदला जातो. रक्तदाब, लघवीतली प्रथिने, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, मुलाचे वजन, दिसणारे व्यंग, दाखल होतानाचे ठोके आणि वार एवढ्या नोंदींवर बरेच काही ठरवता येते. नागपूर आणि बेळगाव ही केंद्रे असलेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधन जाळ्याने अशाच मोजक्या माहितीवर संगणकाने कारण ठरवणारी पद्धत वापरली, आणि प्राणवायूची कमतरता हे सर्वांत मोठे कारण दिसले. कर्नाटकातल्या दावणगेरे आणि पाकिस्तानातल्या कराची इथे सुईने ऊतींचे नमुने घेऊन, वार तपासून झालेल्या सखोल अभ्यासाचाही रोख गर्भातल्या प्राणवायूच्या कमतरतेकडेच होता. साध्या आणि सखोल पद्धतींचे उत्तर इथे जुळते, हे मला फार आश्वासक वाटते.

डॉक्टर आणि परिचारिकांचा आक्षेप मी सर्वांत जास्त सहानुभूतीने ऐकतो. कारण लिहिले की नातेवाइकांचा राग, चौकशी समिती, कधी मारहाण. एका परिचारिकेवर रात्री तीन-तीन बाळंतपणे पडतात, आणि मग चूक तिची ठरते. ही भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय म्हणून नोंद धूसर ठेवली, तर परिचारिका एकटी होती, रक्तपेढी दूर होती, शस्त्रक्रियेची खोली बंद होती, हेही कुठे नोंदले जात नाही. दक्षिण आफ्रिकेत रॉबर्ट पॅटिन्सन आणि सहकाऱ्यांनी रुजवलेल्या पद्धतीत प्रत्येक मृत्यूमागचे टाळता येण्याजोगे घटक तीन ठिकाणी शोधतात: कुटुंबाकडे, व्यवस्थेकडे आणि उपचार करणाऱ्याकडे. इंग्लंडमध्ये नव्वदच्या दशकातल्या गोपनीय चौकशीने कळांमधल्या मृत्यूंपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक ठिकाणी सेवा कमी पडल्याचे सांगितले. ते सांगता आले, कारण प्रकरणांवर माणसांची नावे नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिकाही मृत्यूच्या या आढाव्यात कोणाचे नाव घेऊ नये आणि कोणाला दोष देऊ नये असे सांगते. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये उपजत मृत्यूंच्या देखरेखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जिल्ह्याच्या बैठकीत या मृत्यूंचा आढावा शिस्तभंगाच्या कारवाईपासून कायद्याने वेगळा केल्याशिवाय त्यात खरी माहिती येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटचा आक्षेप आईबापांच्या वतीने केला जातो. शोकात बुडालेल्या कुटुंबाला प्रश्न विचारू नयेत, मुलाच्या देहाला हात लावू नये. पण न विचारता त्यांच्या वतीने उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ज्या अमेरिकी अभ्यासाचा उल्लेख केला, त्यात सहभागी झालेल्या ६६३ स्त्रियांपैकी ५०० जणींनी संपूर्ण तपासणीला संमती दिली. भारतात संमती कमी मिळेल, पुरण्याची घाई असेल, हे धरूनही विचारणे, समजावणे आणि नकार मिळाला तर वारेवर आणि बाहेरून पाहण्यावर थांबणे हा मार्ग उरतोच. आणि कारण न सांगितल्याने घरात शांतता नांदते, हा समज खोटा आहे. रिकामी जागा लगेच भरली जाते. ग्रहणात तिने विळी हातात घेतली होती, ती जड उचलत होती, माहेरी गेली होती, तिचा पायगुणच तसा. वार सुटल्याने गेलेल्या मुलाचा ठपका आईच्या वागण्यावर येतो, आणि तो पुसण्याची ताकद फक्त वैद्यकीय कारणात असते. ‘तुमच्या हातून काही चुकले नाही, वार वेळेआधी सुटली’ हे सासू आणि नवऱ्यासमोर स्पष्ट सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे.

आणि हे कारण तिला पुन्हा लागणार असते. एकदा उपजत मृत्यू झालेल्या स्त्रीला पुढच्या खेपेला तसाच धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात तो जवळजवळ पाचपट, आणि इतर घटकांचा हिशेब केल्यावरही तिप्पटीहून जास्त निघाला. तरी ती दुसऱ्या गर्भारपणात दवाखान्यात येते तेव्हा तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर ‘पहिले मूल उपजत’ एवढेच असते. रक्तदाबाने गेले असेल तर तिला लवकर ॲस्पिरिन सुरू करायचे, साखरेने गेले असेल तर ती पहिल्या भेटीत तपासायची, मज्जारज्जूचे व्यंग असेल तर गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड जास्त मात्रेत द्यायचे, रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनाची नोंद शोधायची, कळांमध्ये गेले असेल तर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी आधीच नाव घालायचे. प्रत्येक कारणाचा मार्ग वेगळा आहे, आणि तिच्यासमोर बसलेल्या डॉक्टरला तो आधीच्या डिस्चार्ज कार्डावरूनच कळू शकतो. त्या कार्डावर मुलाचे वजन, आठवडे, दाखल होतानाचे ठोके, वारेची अवस्था, केलेल्या तपासण्या आणि न केलेल्याही, आणि ठरलेले कारण किती खात्रीचे, एवढे मराठीत लिहून ते तिच्या हातात देण्याचा नियम राज्याच्या प्रत्येक प्रसूतिगृहाला, सरकारी असो वा खासगी, लागू करावा. त्यासाठी नव्या यंत्राची गरज नाही, आणि अर्ध्या पानात हे सगळे मावते.